माझ्या वाटणीचा प्रश्न

खासदार दीप्तीताई आमच्या मनोरीच्या घरी आल्या तेव्हा मी ओट्यावर बोंबील साफ करत होते. हात धुवायला उठले नाही. ज्या घरातला पोरगा परमुलखातल्या लढाईत मेला, त्या घरी येणारे बरेच लोक फोटोवाल्याकडे बघून रडतात, हे मला तोवर कळलं होतं. ताई रडल्या नाहीत. खाली बसल्या. साडीला मासळीचं पाणी लागलं तरी सरकल्या नाहीत. म्हणून मी त्यांच्याशी बोलले.

माझा प्रज्योत मालाच्या जहाजावर खलाशी होता. जहाज गहू भरायला एका बंदराला गेलं. त्या बंदराचं नाव आमच्यापैकी कोणाला अजून नीट घेता येत नाही. त्या देशाची शेजाऱ्याशी लढाई चालली होती. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं असताना वरून काहीतरी येऊन पडलं. जे डेकवर होते ते सापडलेच नाहीत. प्रज्योत डेकवर होता. अंगावर वर्दी नाही, हातात बंदूक नाही. तो रेलिंगला रंग लावत होता, असं त्याच्याबरोबरचा विशाल सांगतो. विशाल खाली इंजिनाकडे होता म्हणून वाचला.

"कोणी मारलं ते कळलं का?" ताईंनी विचारलं.

"हर्षदनं," मी म्हटलं.

त्यांना वाटलं होतं, मी एखाद्या देशाचं नाव घेईन. देशांशी माझं काय वैर? ते कुठे आहेत तेही मला माहीत नाही. हर्षद अंधेरीला आहे.

हर्षदचा जहाजांवर माणसं चढवायचा धंदा. अंधेरीला काचेचं ऑफिस. मूळचा मालवणकडचा, बाप गिरणीत होता. आमच्या कोळीवाड्यात त्याचं कैक वर्षांचं येणंजाणं. होळीला यायचा, लग्नाला यायचा, मयतीलाही यायचा. मला बाय म्हणायचा. माझ्या हातचं कालवांचं कालवण खाऊन बोटं चाटायचा आणि जाताना विचारायचा, "बाय, पोरगो मोठो झालो हा, कधी चढवचो?" एका होळीला मीच म्हटलं, चढव.

मरायच्या आधी प्रज्योतनं फोनवर बोलून निरोप पाठवला होता. तो मी ताईंना ऐकवला. "आये, आम्ही सगले बोललो, तिकडं नाय जायचं. लढाईत जायला खलाशी 'नाय' असं बोलू शकतो, कप्तान पण तेच बोलला. पण हर्षदचा फोन आला. उतरलास तर परत कंच्याच जहाजावर चढू देनार नाय बोलला. बगतो मी. तू जेवून घे."

हा निरोप घेऊन मी चौकीत गेले होते. साहेब म्हणाले, हा तुमच्या मुलाचा शब्द, आणि मुलगा नाही. त्यांनी बोलावलेला हर्षद म्हणाला, "बाय, शपत, मी असा कायच बोलाक नाय. पोरगो आपल्या मर्जीन गेलो." बाहेर आल्यावर त्यानं मला पाण्याची बाटली पुढे केली. मी ती त्याच्या पायावर ओतली.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सगुणाबाय, दुसऱ्यांच्या लढायांत आपली साधी माणसं मरतात. त्यांना वाचवायला सरकार काय करतं, असा माझा प्रश्न संसदेच्या सोडतीत, चिठ्ठीत निघालाय. मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागेल. त्या उत्तरावर मला दोन पुरवणी प्रश्न विचारता येतात. पहिला सगळ्यांसाठी. दुसरा तुमचा. सांगा, काय विचारू?"

"हर्षदचं नाव घ्या."

"नाव नाही घेता येत. जो माणूस सभागृहात नाही, त्याच्यावर तिथे आरोप करता येत नाही."

"मग काय उपयोग?"

"असं विचारते. लढाईच्या भागात जायला नकार देणाऱ्या खलाशांना दम देऊन पाठवणारे एजंट मुंबईत आहेत, अंधेरीत आहेत. त्यांचे परवाने सरकार तपासणार का, आणि कधी? एकदा मंत्री 'तपासू' म्हणाले की कागद हलतात. मग नाव आपोआप येतं."

मी त्यांना ते परत म्हणायला लावलं. ऐकून बरं वाटलं. जाताना धक्क्यावर पत्रकार उभे होते. त्यांना ताई म्हणाल्या, माझा दुसरा प्रश्न मनोरीच्या एका आईचा असेल. ते छापून आलं. हर्षदनंही वाचलं असणार.

घरात तेव्हा आणखी एक गोष्ट अडली होती. पोराचं शरीर मिळालं नाही, म्हणून गवताचा पुतळा करून तो जाळायचा होता. माझा नवरा धर्मा रोज तेच बोलायचा. "सगुणा, पोर भटकतंय. त्याला वाट दे." मी नको म्हणायची. ज्यानं पाठवला तो काचेच्या ऑफिसात चहा पितोय, आणि मी पोराला निरोप देऊ? धर्मा जाळं विणायला बसायचा आणि माझ्याकडे पाठ करायचा.

मग एक दिवस हर्षदची बायको प्रेमा बोरीवलीच्या बाजारात आली.

मी पाटी मांडून बसले होते. शेजारी आमच्याच कोळीवाड्यातली वनमाला. प्रेमा समोर उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते. माझ्या आधी वनमालाच बोलली, "काय गो, पापलेट पाहिजे? ताजं हाय. एकदा गेलं की परत नाय येत, तुमच्याकडून गेलेल्या पोरांसारखं."

प्रेमा तिच्याकडे न बघता खाली बसली, माशांच्या चिखलात. "बाय, माझो पोरगो देवेश थंय अडाकलो हा."

"कुठं?"

"तेच बंदर."

मी सुरीखालचा हलवा मासा तसाच ठेवला.

तिनं सांगितलं ते असं. प्रज्योत गेल्यावर त्या बंदराला जायला कोणी तयार होईना. जहाजाच्या मालकाचा माणूस हर्षदच्या मागे लागला. तेव्हा हर्षदनं आपल्याच पोराला चढवलं. लोकांनी म्हणावं, बघा, एजंटचा पोरगा जातोय, म्हणजे भीती नाही. त्याला बघून बाकीचे चढले. जहाज आत गेलं आणि बंदर बंद झालं. रोज आसपास बाँब पडतात. मालक फोन उचलत नाही. खायचं संपत आलंय. आपल्या वकिलातीतून उत्तर येतं की, माहिती घेत आहोत.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटात कायतरी गरम उतरलं, हिवाळ्यात पहिला चहा उतरतो तसं.

"मग माझ्याकडं कशाला आलीस? मी काय बाँब थांबवू?"

"दीप्तीताईंकडे जाऊन इलंय. सभेत त्यांनी पोरांचा विचारला तर सरकार हलतला. त्या म्हणाल्या, दुसरो प्रश्न तुमचो. तुम्ही दिलात तर त्या विचारतील."

मी तिथूनच ताईंना फोन लावला. विचारलं, दोन्ही एकात नाही बसत का? एजंटही आणि पोरंही? ताई म्हणाल्या, "बसवता येतं, पण मंत्री सोप्या अर्ध्याचं उत्तर देतात आणि खाली बसतात. एकच नीट विचारायला हवं. कुठलं ते तुम्ही ठरवा. मी शब्द दिलाय."

शब्द कसला? त्यांनी आपली पाटी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. उद्या पोरं मेली असती तर लोकांनी सगुणाला विचारलं असतं, ताईंना नाही.

"देवेशला चढवला तेव्हा तू कुठं होतीस?" मी प्रेमाला विचारलं.

"मी नको म्हटलंय. माझा कोण ऐकता?"

"आणि माझ्या प्रज्योतला चढवला तेव्हा? तेव्हा पण नको बोलली होतीस?"

ती माशांकडे बघायला लागली. निदान खोटं बोलली नाही. वनमाला पुढे वाकून म्हणाली, "सगुणा, हाकल हिला. मरू दे. दोन घरं सारखी होऊ दे." प्रेमानं ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

मी म्हटलं, "नवऱ्याला पाठव. मनोरीला. एकट्याला."

तो आला. दाराबाहेर चपला काढून उभा राहिला. मी आत ये म्हटलं नाही. धर्मा म्हणाला, "बस रे," तेव्हा उंबऱ्याजवळ टेकला. आमची पोरगी समीक्षा दाराच्या कडेला उभी होती. ती बँकेत आहे, कमी बोलते.

"बाय, माझ्या पोराक वाचव," तो म्हणाला. "तू म्हणशील ता करतंय."

"प्रज्योतचा पुतळा जाळायचा हाय. खांदा दे."

त्यानं मान हलवली.

"पुढचा खांदा. आणि मसणात, चितेकडे न्यायला उचलायच्या आधी, बोल."

बोल म्हणजे काय, ते त्याला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या कोळीवाड्याची रीत त्यानं पाहिलेली होती. मसणात मढं टेकवलं की, मेलेल्याचं ज्यानं काही वाईट केलं असेल तो पुढे येऊन सगळ्यांसमोर बोलतो. मी तुझं जाळं कापलं. मी तुझ्या बहिणीचं लग्न मोडलं. एका म्हाताऱ्याच्या मयतीत तर त्याच्या सख्ख्या भावानं सांगितलं होतं की होडीला आग मीच लावली. तिथे बोलायचं, हात जोडायचे, आणि संपलं. मसणात बोललेलं मसणात राहतं. घरी परतल्यावर ते कोणी काढायचं नाही. जो काढेल त्याच्या दारी गाव जात नाही. त्या भावाला आग लावल्याबद्दल पुढे कोणी शब्दानं विचारलं नाही. त्याच्या होडीतून लोक मासे मारायला गेले.

मला वाटलं होतं, हर्षद घासाघीस करील. नको बोलायला लावू म्हणेल, नुसता खांदा देतो म्हणेल. पण मी मसणाचं नाव काढलं आणि त्याचे खांदे सैल झाले. "बोलतंय, बाय. सगळा बोलतंय," म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तिथे दुःख होतं, आणि त्याच्याखाली हिशेब होता. पोरगाही सुटेल, आणि बोललेलं राखेत जाईल.

मी त्याला प्रश्न देते म्हटलं. दुसरं कुठलंही वचन दिलं नाही. त्यानं मागितलंही नाही. रीत हेच वचन आहे, असं तो धरून चालला.

पुतळा भटजींनी सांगितल्याप्रमाणे केला. गवताची काडं बांधून अंग, डोक्याच्या जागी नारळ. धर्मानं त्याला प्रज्योतचा निळा शर्ट घातला आणि गुंडी लावताना त्याचे हात थांबले. गुंडी समीक्षानं लावली. समुद्राच्या कडेला आमचं मसण आहे, तिथे कोळीवाडा जमला होता. विशाल आणि प्रज्योतचे दुसरे सोबती वेगवेगळ्या जहाजांवर होते. त्यांना येता येत नव्हतं, म्हणून समीक्षानं त्यांना फोनवर जोडलं होतं. परगावच्या माणसांसाठी हल्ली सगळेच असं करतात. फोन तिनं उंच धरला होता. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हर्षदलाही नाही.

तो पुतळ्याजवळ उभा राहिला आणि पुटपुटला.

"जोरात बोल," मी म्हटलं. "माझ्या पोराचे त्या बाँबच्या आवाजात कान गेले असतील."

मग तो मोठ्यानं बोलला. "प्रज्योत, तू उतरतंय म्हणालंस. मी तुका उतरूक दिलंय नाय. सगळ्यांका मीच फोन केलंय. उतरलास तर परत जहाज दिसाचा नाय, असो दम मीच दिलंय. माणसा उतरली असती तर मालकान माका परत काम दिल्यान नसता. म्हणान तुका मरूक पाठवलंय. चौकीत मी खोटा बोललंय." एवढं बोलून तो गुडघ्यांवर बसला आणि रडला. ते रडणं खरं होतं. मला ओळखता येतं.

बायका डोळे पुसायला लागल्या. ज्या वनमालानं पोराला मरू दे म्हटलं होतं, ती म्हणाली, "बिचारा." धर्मानं जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात बघून माझं डोकं असं तापलं की मी तोंड समुद्राकडे केलं.

मग त्यानं चितेपर्यंत पुढचा खांदा दिला. गवताचं वजन ते काय असणार! तरी तो वाकून चालला. धर्मानं अग्नी दिला. शर्ट आधी पेटला.

घरी येऊन मी ताईंना फोन केला आणि म्हटलं, पोरांचं विचारा.

अधिवेशनाच्या दिवशी आमच्या घरात टीव्हीसमोर गर्दी होती. ताईंच्या मूळ प्रश्नाला मंत्र्यांनी लांबलचक उत्तर वाचून दाखवलं. लढाईच्या भागातल्या नागरिकांच्या सुरक्षेला सरकार सर्वोच्च प्राधान्य देते, वेळोवेळी सूचना काढल्या आहेत, असं काहीतरी. ताईंनी पहिला प्रश्न विचारला, की सूचना निघाल्यावरही माणसं मेली, मग त्या सूचना कोणी वाचल्या? मंत्री म्हणाले, माहिती मागवली आहे. मग ताई दुसऱ्यांदा उठल्या. त्यांनी देवेशच्या जहाजाचं नाव घेतलं, आत किती दिवसांचं अन्न उरलंय ते सांगितलं, आणि विचारलं की या मुलांना कोणत्या तारखेपर्यंत बाहेर काढणार, ते सभागृहाला सांगा. मागचे सदस्य बाकं वाजवायला लागले. मंत्री पाणी प्यायले आणि त्यांनी शब्द दिला.

माझ्या पोराबद्दल त्या दिवशी तिथे कोणी काही बोललं नाही. ती जागा मी देऊन टाकली होती. टीव्ही बंद केल्यावर समीक्षा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, थांब.

सरकारनं मनावर घेतल्यावर काम झालं. पोरांना जहाजावरून उतरवून गाड्यांतून सरहद्दीपार नेलं आणि विमानानं आणलं. देवेश घरी पोहोचला तेव्हा प्रेमाचा फोन आला. तिला रडण्यातून बोलता येत नव्हतं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग समीक्षाला सांगितलं, "आता दे."

मसणातलं सगळं तिच्या फोनात होतं. आवाज, तोंड, निळा शर्ट. धर्मानं ऐकलं आणि जाळं बाजूला ठेवलं.

"सगुणा, ते मसणातलं हाय."

"हो."

"गाव काय बोलंल?"

"बोलू दे."

"रडला गं तो."

"मी बी रडले होते, त्याच्या ऑफिसच्या दारात. तो बाहेर नाय आला."

"मग तेव्हाच प्रश्न द्यायचा नव्हता. दिला तर सोडायचं."

"पोराला सोडलं," मी म्हटलं. "बापाला नाय."

धर्मा उठून धक्क्यावर गेला.

जहाजांची सरकारी कचेरी आणि पोलीस, दोन्हीकडे आम्ही ते दिलं. विशालनंही आपल्याला तोच दम आल्याचं लिहून दिलं. चौकशीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर हर्षद बसला होता, शेजारी प्रेमा आणि देवेश. पोरगा वाळून काडी झाला होता. मला बघून तो उठला आणि पाया पडायला वाकला. "मावशी, तुमच्यामुळे आलो." मी पाय मागे घेतले नाहीत. त्याच्या मानेवर घाम होता. त्याचा श्वास वरखाली होत होता आणि तो मला सहन होत नव्हता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्याचा काही दोष नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून ठेवला नाही.

हर्षद उठून जवळ आला. आवाज खाली होता. "बाय, ता मसणातला होता. तुमचीच रीत. सगळ्या गावासमोर बोललंय मी."

"कुठल्या मसणातलं?" मी म्हटलं. "तिथं माझा पोरगा होता? गवत जाळलं आपण, हर्षद. रीत मढ्याला असते. तू माझ्याकडं मढं पण ठेवलं नाय."

तो प्रेमाकडे बघायला लागला. प्रेमा खिडकीबाहेर बघत होती. आतून शिपायानं नाव पुकारलं आणि तो गेला. त्याचा परवाना थांबवला, काचेच्या ऑफिसला कुलूप लागलं, पोलिसांनी गुन्हा लिहून घेतला.

गावानं मला तोंडावर काही म्हटलं नाही. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. हळदीचं बोलावणं आलं नाही, मग बारशाचं आलं नाही. गोराईच्या बोटीत माझ्या शेजारची फळी रिकामी राहते. धर्मा जेवायला बसतो, ताट पुढे ओढतो, मीठ पाहिजे असेल तर समीक्षाला सांगतो. बाजारात वनमालानं आपली पाटी जरा लांब मांडली आहे. मध्ये एक गुजराती बाई लिंबं घेऊन बसते.

एकदा गिऱ्हाईक नसताना वनमाला लिंबांवरून वाकली. "सगुणा, तू हे बरं नाय केलंस. उद्या तुला उचलायला कोण येईल गं?"

"नका येऊ," मी म्हटलं. "मी चालत जाईन."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं आणि माशांवर पाणी मारायला लागली.

खटल्याची तारीख लागली आहे. त्या दिवशी मी बाजाराला जाणार नाही. कोर्टात पहिल्या बाकावर बसणार आहे, तो वळला की मी दिसेन अशी.